पेटी, संगणक आणि पास्काची रात्र

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरियाचे गायन आटोपले की चर्चमधील वाद्ये मौन धारण करतात. वेदीसेवकांच्या हातांतील घंटाही बाजूला ठेवली जाते आणि तिच्याऐवजी लाकडाची कोरडी खटखट ऐकू येते. उपासनेचा हा जुना नियम आहे. गायनाला आधार देण्यापुरते वाद्य वाजवण्यास नियमाची आडकाठी नाही. परंतु चिखल्याला आम्ही ती सवलत घेत नाही. शुक्रवारची उपासना केवळ कंठांवर चालते. शनिवारी रात्री अंगणात नवा अग्नी पेटतो, पास्का मेणबत्तीमागून लोक अंधाऱ्या चर्चमध्ये येतात, पास्का घोषणा होते, जुन्या करारातील वाचने एकामागून एक होतात आणि त्यानंतर येतो ग्लोरिया. वेदीवरच्या मेणबत्त्या पेटतात, घंटा घणघणतात, आमच्याकडील प्रथेप्रमाणे चर्चमधले उरलेसुरले सारे दिवे एकदम लागतात आणि दोन दिवस मुके राहिलेले वाद्य बोलू लागते. वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही क्षणी वाद्याकडे लोकांचे कान इतके लागलेले नसतात.

३० मार्च २०२४ च्या रात्री नेमक्या त्याच क्षणी आमचे वाद्य बिघडले.

पहिल्या दोन ओळी भरदार वाजल्या. मग जुने कापड फाटावे तसा आवाज आला. सूर तुटू लागले, पुन्हा जुळले, पुन्हा तुटले; शेवटी एकच कर्कश तुकडा अडकून घरघरत राहिला आणि सारे शांत झाले. लोक गाता गाता थांबले. आमच्या वादकाची बोटे पट्ट्यांवर तशीच दाबलेली होती, जणू आणखी जोराने दाबल्याने सूर बाहेर येणार होते. अखेर एका सिस्टरांनी खालच्या पट्टीत मधूनच ग्लोरिया उचलला आणि विधी पुढे सरकला.

मिस्सेनंतर अंगणात लोक एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देत होते. कोणीतरी हसत म्हणाले, "आपली जुनी पेटीच बरी होती." दुसरे कोणी म्हणाले, "पोराने मोबाइलवर बघून काहीतरी जोडले असणार." तो मुलगा केबल गुंडाळत जवळच उभा होता. सर्वांच्या देखत मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होते असे कधीकधी. पुढच्या वेळी नीट तयारी कर." मला ते वाक्य सांत्वनाचे वाटले होते. आज ते आठवले की मान खाली जाते. कारण त्या वाक्याने मी दोष कोणाचा हे सर्वांसमोर ठरवून टाकले होते, आणि ते मी चुकीचे ठरवले होते.

वसई-मुंबईकडच्या वाचकांना चिखला कोठे आहे हे सांगायला हवे. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत जो मँगनीजचा पट्टा आहे त्यात हे गाव येते. गावाच्या नावात चिखल असला तरी येथील खरी ओळख काळ्या जड दगडाची आहे. 'मॉईल' या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची भूमिगत खाण येथे आहे. जवळच डोंगरी बुजुर्गला उघडी खाण असून तेथील मँगनीज डाय-ऑक्साईड विजेरीच्या सेलसाठी वापरले जाते. आमचा ख्रिस्ती समुदाय मूठभर. खाणीतील नोकरी, शुश्रूषा किंवा शिक्षकी पेशा यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतून येथे आलेली कुटुंबे. चर्चही लहानसेच आहे. मुंबईच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये पाईप ऑर्गन ऐकून आलेल्या माणसाला आमचे गायन फार साधे वाटेल. पण आमच्या लोकांना गाण्याची हौस दांडगी, आणि तो मुलगा त्या हौसेचा कणा होता. वय एकोणीस. वडील खाणीत भूमिगत पाळीवर. तो शिक्षणासाठी रोज तुमसरला जाई आणि संध्याकाळी परतल्यावर सरावाला बसे.

त्याचा कीबोर्ड साधाच होता. त्यातील मूळचे सूर पत्र्यासारखे वाजत. म्हणून तो कीबोर्ड संगणकाला जोडून संगणकातील सूर वाजवी. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९८३ साली 'मिडी' नावाची एक संकेतप्रणाली जगासमोर आली. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढाच निरोप ती वाद्याकडून संगणकाकडे नेते. प्रत्यक्ष ध्वनी त्या तारेतून जातच नाही. ध्वनी संगणकात असतो. एखाद्या खऱ्या पियानोची प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात वाजवून ध्वनिमुद्रित केलेली असते, आणि निरोप येताच संगणक त्यातील योग्य तो तुकडा काढून वाजवतो. अशी कितीतरी वाद्ये एका आज्ञावलीत शेजारी शेजारी मांडता येतात. सायबाच्या देशातील कॅथीड्रलचा ऑर्गनही या मार्गाने खाणवसाहतीत येऊ शकतो. 'ग्रँडऑर्ग' नावाची ऑर्गनची आज्ञावली तर विनामूल्य मिळते.

संगणक हे उपासनेचे वाद्य होऊ शकते काय, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. गुरुविद्यालयात मी पायपेटीवर थोडेबहुत शिकलो, तेव्हा हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पण इतिहास मोठा गमतीचा आहे. दहाव्या पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी जे फर्मान काढले त्यात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास मनाई होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पाईप ऑर्गनचा मान कायम ठेवूनही, उपासनेस योग्य अशा इतर वाद्यांना धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. ज्या पेटीला आपण 'आपली जुनी पेटी' म्हणतो तीही मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या देबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडीशी घेऊन वाजवता येईल असे हातभात्याचे रूप दिले. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारात उभे केले नाही. तेव्हा वाद्याच्या कुळाची चौकशी मी फारशी करीत नाही. ते लोकांच्या गायनाला आधार देते की मध्येच हात सोडते, एवढे पाहतो. आमच्या वाद्याने त्या रात्री हात सोडला होता.

त्यानंतर तो मुलगा वाजवायला आला नाही. भांडण नाही, तक्रार नाही. रविवारी मिस्सेला येई, शेवटच्या बाकावर बसे आणि अंतिम आशीर्वाद होताच निघून जाई. सिस्टर पेटी वाजवू लागल्या. मी त्याला दोनदा विचारले. "अभ्यास आहे, फादर" एवढेच तो म्हणाला. मीही पुढे खोदून विचारले नाही. खरे सांगायचे तर पेटीने काम भागत होते आणि माझ्या डोक्यावरचा एक ताप कमी झाला होता.

ऑगस्टमध्ये एका कुटुंबाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. कार्यालयातील लॅपटॉप फार मंद चालत होता म्हणून मी त्यातील नोंदी पाहत बसलो. संगणकाची मूळ कार्यप्रणाली अधूनमधून आपली नवी आवृत्ती आपणच उतरवून घेते आणि बसवते. त्याची तारीखवार यादी तिथे असते. त्या यादीत ३० मार्च २०२४ ही तारीख होती.

तो लॅपटॉप म्हणजेच आमचे वाद्य होते. दुसरा आमच्याकडे नव्हता. त्या शनिवारी दुपारी जागरणविधीच्या पत्रिका छापण्यासाठी मी तो सरावाच्या मध्येच कार्यालयात नेला होता. संध्याकाळी परत देताना मी त्या मुलाला म्हणालो होतो, "यावरूनच मिस्सेचे थेट प्रक्षेपणही कर. आखाती देशातील आपली माणसे पाहतील." तो चाचरत म्हणाला होता, "फादर, ते वेगळ्या मोबाइलवरून केले तर बरे होईल." माझे उत्तर होते, "एवढ्याने काय होते?" आणि मीच माझ्या मोबाइलचे इंटरनेट त्या लॅपटॉपला जोडून दिले होते. महिनाभर इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या त्या यंत्राला वाट मोकळी मिळाली. इकडे प्रक्षेपण, तिकडे नव्या आवृत्तीची उतरण, आणि त्याच वेळी ग्लोरियाचे दाट सूर.

हे सारे त्या मुलाला त्या रात्रीच ठाऊक होते. अंगणात मी ते वाक्य बोललो तेव्हाही ठाऊक होते.

मी त्याच्या घरी गेलो. तो घरी नव्हता. आईवडील दोघे होते. मी जे घडले ते सांगितले आणि दोष माझा होता असे म्हटले. वडील काही बोलले नाहीत. आई पदराशी चाळा करीत बसली होती. ती हळूच म्हणाली, "त्या राती तो जेवलाच नाही जी, फादर. सणाचा दिवस होता." मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या सोसल्या असत्या, या वाक्यापुढे माझ्याजवळ शब्द नव्हता.

पुढच्या रविवारी घोषणांच्या वेळी मी हीच हकीकत वेदीपाशी उभे राहून सांगितली. सांगायला दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांपर्यंत पोहोचायला पाच महिने गेले होते. लोकांपैकी पुष्कळांना तो प्रसंग आठवतही नव्हता. शेवटच्या बाकावरचा मुलगा मात्र लालबुंद झाला होता. मिस्सेनंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, सगळी चूक तुमची नव्हती. बफर मीपण फार कमी ठेवला होता."

बफर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. नंतर महिनोन् महिने मी त्याच्याजवळ बसून हा विषय शिकलो, अगदी वहीपेन्सिल घेऊन. जे समजले ते येथे मांडतो. कारण आता लहानसहान धर्मग्रामांतही लॅपटॉप वाद्यवृंदात येऊन बसला आहे आणि फजिती झाल्यावर दोष नेहमी वाजवणाऱ्या पोराच्या माथी येतो.

संगणकात ध्वनी अखंड वाहत नसतो. प्रत्येक सेकंदाचे साधारणपणे ४४,१०० बारीक नमुने असतात. संगणक हे नमुने एकेक करून न देता त्यांची घमेली भरून देतो. या घमेल्याला बफर म्हणायचे. एक घमेले वाजत असताना पुढचे भरून तयार हवे. घमेले ६४ नमुन्यांचे असेल तर ते दीड सहस्रांश सेकंदात रिकामे होते. २५६ नमुन्यांचे असेल तर सुमारे पावणेसहा सहस्रांश सेकंद पुरते. घमेले लहान असले तर बोट पट्टीवर पडताच सूर निघतो. पण ते भरायला संगणकाला उसंत मिळत नाही. भरायला क्षणभर उशीर झाला की ध्वनीत खळगा पडतो आणि फाटल्यासारखा आवाज येतो. मोठे घमेले घेतले तर संगणकाला दम खाता येतो. मात्र सूर किंचित उशिरा निघतो.

आमच्या वादकाने ६४ चा आकडा ठेवला होता, कारण जाणकार म्हणवणारे सगळे 'कमीत कमी ठेवा' असेच सांगतात. मी त्याला विचारले, आपला स्पीकर तुझ्यापासून किती दूर आहे? आम्ही टेप लावून मोजले. सहा मीटर भरले. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ते सहा मीटर कापायला त्याला साडेसतरा सहस्रांश सेकंद लागतात. ६४ ऐवजी २५६ चे घमेले घेतले तर जेमतेम साडेचार सहस्रांश सेकंदांची भर पडते, म्हणजे ध्वनीच्या हिशेबात दीड मीटर. आम्ही स्पीकर दीड मीटर जवळ ओढला आणि आकडा २५६ वर नेला. हिशेब जिथल्या तिथे राहिला. मोठमोठ्या कॅथीड्रलांतील ऑर्गनवादक तीस मीटर दूरच्या नळ्यांतून येणारा सूर जवळपास एक दशांश सेकंद उशिरा ऐकत आयुष्यभर वाजवतात. दीड सहस्रांश सेकंदाचा हव्यास धरून आम्ही पास्काची रात्र पणाला लावली होती.

मी हे त्याच्या वडिलांना सांगितले तेव्हा ते प्रथमच मोकळेपणाने बोलले. आमच्या खाणीत खनिजाचा एक थर काढला की मागे राहिलेली पोकळी पाण्याबरोबर वाळू सोडून भरतात आणि त्या भरलेल्या वाळूवर उभे राहून वरचा थर काढतात. ते म्हणाले, "भराई झाल्याबिगर वर हात लावायचा नाही जी. साहेब कितीही घाई करो." मुलाला बफर समजावणारे असे सोपे वाक्य मला कोठे वाचायला मिळाले नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावणारी वाटली. संगणकाच्या पडद्यावर त्याच्या श्रमाचा आकडा दिसतो. त्या रात्री तो आकडा तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास होता, असे मुलाने सांगितले. म्हणजे दोनतृतीयांश शक्ती पडून होती; तरीही सूर तुटले. कारण तो आकडा सरासरीचा असतो. ध्वनीला सरासरी चालत नाही. प्रत्येक घमेले वेळेवर हवे असते. वायरलेस जोडणी सांभाळणारा एखादा ड्रायव्हर, विषाणू शोधणारी आज्ञावली, वीज वाचवण्यासाठी संगणकाने मध्येच घेतलेली डुलकी, यांपैकी कोणीही मध्ये घुसून काही सहस्रांश सेकंद अडवले की बाकीची सारी शक्ती निरुपयोगी ठरते. असा घुसखोर शोधण्यासाठी 'लेटन्सीमॉन' नावाची एक तपासनीस आज्ञावली मिळते. ती चालू ठेवून आम्ही एकेक गोष्ट बंद करीत गेलो. आमच्याकडे सर्वांत मोठा घुसखोर वायरलेस इंटरनेटचा निघाला. ते नुसते खंडित करून भागत नाही, मुळातच बंद करावे लागते, ब्लूटूथही. वीज वाचवण्याची सोय काढून संगणकाला पूर्ण जागे राहायला सांगावे लागते. यूएसबीच्या खाचा फावल्या वेळात झोपी जातात. तेही थांबवावे लागते. ही कामे करायला तास लागत नाही. ती करायची असतात हे ठाऊक नसते, एवढेच.

तिसरी गोष्ट ध्वनी बाहेर कसा काढायचा याची. आम्ही लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून स्पीकरला जोडत होतो. आता ध्वनीसाठी वेगळी लहान पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, घेतली आहे. तिच्यासोबत तिचा स्वतःचा ड्रायव्हर येतो. तो १९९७ साली जर्मनीच्या स्टाईनबर्ग कंपनीने आणलेल्या 'एएसआयओ' पद्धतीवर चालतो आणि कार्यप्रणालीचे मधले दलाल टाळून थेट ध्वनीपर्यंत पोहोचतो. ज्यांना वेगळी पेटी घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी 'एएसआयओफोरऑल' हा विनामूल्य पर्याय आहे, आणि अगदी नसण्यापेक्षा तो पुष्कळच चांगला. ही पेटी थेट लॅपटॉपच्या खाचेत लावावी, मध्ये फाटे फोडणारा हब नको.

सर्वांत अवघड निर्णय पैशाचा नव्हता, माझ्या सवयीचा होता. वाद्यासाठीचा लॅपटॉप वेगळा हवा, त्यावर पत्रिका नाही, दाखले नाहीत, प्रक्षेपण नाही, असे मुलाचे म्हणणे. एका कुटुंबाने आपला जुना लॅपटॉप दिला. त्यात जुन्या फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी आणि जास्तीची मेमरी बसवली, कारण पियानोचे ध्वनिमुद्रित तुकडे तबकडीवरून वेचून आणण्यात बराच वेळ जातो. वाद्ये मांडण्यासाठी 'कॅन्टाबिले' या आज्ञावलीची विनामूल्य आवृत्ती घेतली. ॲपलचा संगणक असणारे 'मेनस्टेज' वापरतात, काम तेच. महत्त्वाचे हे, की त्या रात्रीची सर्व वाद्ये आधीच मेमरीत चढवून ठेवायची. दोन गाण्यांच्या मध्ये नवे वाद्य उघडायचे नाही. पियानोच्या पेडलवर पाय ठेवून आमचा वादक सूर साठवत जाई. ऐकायला ते गोड लागते. पण संगणकाला एकाच वेळी शेकडो तुकडे वाजवावे लागतात. आम्ही एका वेळी वाजणाऱ्या सुरांना चौसष्टची मर्यादा घातली. चर्चमध्ये कोणालाही फरक कळला नाही. मला मात्र दोन आठवडे त्याचा पाय पाहावा लागला!

विजेविषयी लिहिले नाही तर विदर्भातील वाचक मला माफ करणार नाहीत. ग्लोरियाच्या क्षणी आमचे सारे दिवे एकदम लागत आणि त्या धक्क्याने विजेचा दाब खाली जाई. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तो तगतो. ऑडिओ पेटीही त्याच्याकडूनच वीज घेते. पण स्पीकर आणि मिक्सर लटपटतात. त्यांना यूपीएसचा आधार दिला आणि दिवे तीन टप्प्यांत लावायचे ठरवले. चार्जर लावला की स्पीकरमधून एक बारीक गुणगुण येत असे. चर्चचे अर्थिंग तपासून घेतल्यावर ती निम्मी झाली. उरलेली घालवण्यासाठी मिस्सेच्या वेळी चार्जर काढूनच ठेवायचा असे ठरले. पूर्ण भरलेली बॅटरी अडीच तास पुरते का, हे तीनदा करून पाहिले. यांतल्या काही बॅटऱ्यांतही मँगनीज असते, हे कळल्यावर मुलाचे वडील मनापासून हसले. राहिला उन्हाळा. तापलेला संगणक स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती उतरवतो, आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे भिंतीही रात्रीपर्यंत ऊब सोडत असतात. लॅपटॉप टेबलावर सपाट न ठेवता लाकडी चौकटीवर उचलून ठेवला आणि खालून हवा मोकळी केली. सुताराचा खर्च फुलांच्या पैशांतून निघाला.

२०२५ चा प्रायश्चित्तकाळ ५ मार्चला राखेच्या बुधवारी सुरू झाला. झावळ्यांच्या रविवारनंतर लॅपटॉपमध्ये काडीचाही बदल करायचा नाही, असा मुलाने नियम घातला. नवा सूर नाही, नवी आज्ञावली नाही, 'एवढे एक' नाही. सराव ज्या वेळी विधी होणार त्याच रात्रीच्या वेळी, तेच दिवे लावून, तेच पंखे चालवून करायचा. मला गंमत वाटली ती पेटीची. संगणक फसलाच तर सिस्टरांनी लगेच पेटी उचलायची असे ठरले होते. पण आमच्या पेटीचे सूर किंचित चढे आहेत. मधेच बदल झाला तर लोकांचा कान फाटला असता. मुलाने पेटीचा सूर मोजला आणि सारा संगणक ४४० ऐवजी ४४४ वर चढवून पेटीशी जुळवून घेतला. जे जाते त्याने राहणाऱ्याशी जुळवून घ्यावे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

१९ एप्रिलच्या रात्री प्रक्षेपण एका सिस्टरांच्या मोबाइलवरून झाले. माझा मोबाइल मी सॅक्रिस्टीत बंद करून ठेवला. सातव्या वाचनानंतरची प्रार्थना म्हणताना माझा आवाज कापत होता, हे मी लपवत नाही. मी ग्लोरिया सुरू केला. घंटा वाजल्या. दिवे एक, दोन, तीन असे लागले. दुसऱ्या टप्प्याला बल्ब क्षणभर मंदावलेही. ऑर्गनचा सूर हलला नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत मी लोकांकडे पाहिलेच नाही, त्याच्या हातांकडे पाहत होतो. मग लोकांचा आवाज वाढला आणि वाद्य त्यात कोठे संपते ते कळेनासे झाले.

मिस्सेनंतर कोणीही वाद्याविषयी बोलले नाही. एकानेही नाही. मुलगा केबल गुंडाळत होता. मी शेजारी बसून दुसरे टोक धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई सणाचा डबा घेऊन आली. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "राती दोन वाजता जेवला जी. दोनदा मागून घेतले."